गाळ्याचं भाडं थांबलंय? कुलूप लावायच्या आधी मालकाने हे वाचा

मागचा व्हिडिओ भाडेकरूच्या बाजूने होता, आज मालकाची बाजू बघू. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या घराला रस्त्याकडेचा एक गाळा असतो आणि त्याच्या भाड्यावरच नव्या धंद्याचं गणित बसवलेलं असतं.

समजा, चिंचणीत तुमच्या गाळ्यात दागिन्यांच्या डाय बनवणारा कारागीर आहे. अकरा महिन्यांचा कागद संपलाय, पाच महिन्यांचं भाडं आलेलं नाही आणि आता तिथे तुम्हाला स्वतःचं दुकान टाकायचंय. मित्र सांगतात, "रात्री कुलूप बदल, विषय संपला."

विषय तिथे संपत नाही, उलट सुरू होतो. 1989 साली महाले खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की ताब्यात स्थिरावलेल्या माणसाला, त्याचा राहायचा हक्क संपलेला असला तरी, मालक कायद्याच्या वाटेशिवाय बाहेर काढू शकत नाही. विशिष्ट अनुतोष अधिनियम 1963 च्या कलम 6 खाली तो सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागू शकतो. तिथे जागा कोणाच्या मालकीची हा प्रश्नच नसतो. म्हणजे भाडं त्याने बुडवलं, पण कोर्टात उत्तर देत उभे तुम्ही! वीज-पाणी तोडणंही तसंच अंगाशी येतं. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 मध्ये त्याला मनाई आहे.

मग वकिलाला पहिला प्रश्न कोणता विचारायचा? "माझ्या जागेला कोणता कायदा लागतो?" महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 हा अनुसूचीत दिलेल्या भागांनाच लागतो, त्यामुळे आपलं गाव त्यात आहे का ते आधी तपासून घ्या. भाडेकरू बँक असेल किंवा एक कोटी अथवा जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेली कंपनी असेल, तर तिला या कायद्याचं संरक्षण नाही. नुसती मोकळी जागा दिली असेल तरी हा कायदा लागत नाही, कारण त्यातली 'जागा' म्हणजे इमारत किंवा तिचा भाग. अशा वेळी मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 बघायचा.

इथे कारागिराचा मुद्दा महत्त्वाचा. 1882 च्या कायद्याच्या कलम 106 प्रमाणे, वेगळं काही ठरलेलं नसेल तर दुकानासाठी पंधरा दिवसांची नोटीस पुरते, पण उत्पादनासाठी दिलेल्या जागेला सहा महिन्यांची. डाय बनवणं हे उत्पादन आहे असं समोरचा वकील म्हणणारच. म्हणून नोटिशीचा मसुदा नेटवरून उचलू नका. आणि नोटीस दिल्यावर भाडं स्वीकारलंत, तर पावतीवर 'हक्क राखून' असं लिहा. नाहीतर नोटीस सोडून दिली असा अर्थ काढला जाऊ शकतो.

भाडे नियंत्रण कायदा लागत असेल तर दोन गैरसमज काढून टाका. एक, "अकरा महिन्यांच्या कागदाला नोंदणी लागत नाही." कलम 55 प्रमाणे लागते आणि ती करून घेणं मालकाचं काम आहे. केली नाही, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. दोन, "लिव्ह अँड लायसन्स संपलं की सक्षम प्राधिकारी जागा झटपट रिकामी करून देतो." ते कलम 24 राहत्या घरापुरतं आहे. दुकानासाठी दिवाणी न्यायालयच.

थकबाकीवरून दावा लावायचा तर लेखी मागणीची नोटीस द्या आणि नव्वद दिवस थांबा. नंतरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत त्याने थकबाकी 15 टक्के सरळव्याजाने आणि खर्चासकट भरली, पुढचं भाडंही वेळेवर देत राहिला, तर जागा त्याच्याकडेच राहते. म्हणून मला थकबाकी हे एकटं कारण कच्चं वाटतं. कलम 16 मधली कारणं सोबत तपासा: तुमची स्वतःची खरी गरज, परवानगीशिवाय पोटभाडेकरू, लेखी संमतीविना पक्कं बांधकाम, योग्य कारणाशिवाय सहा महिने बंद ठेवलेला गाळा. गरजेच्या मुद्द्यावर जास्त त्रास कोणाला होईल हेही कोर्ट तोलतं, त्यामुळे तुमच्या नियोजित दुकानाची कागदपत्रं (कर्जाचा अर्ज, कोटेशन) जपून ठेवा.

दावा चालू असताना भाडं बुडतंच असं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या मुंबई दुरुस्तीतल्या आदेश 15-अ खाली कोर्ट भाडेकरूला थकबाकी आणि चालू रक्कम जमा करायला लावू शकतं. नाही भरली तर त्याचा बचाव काढून टाकता येतो. वकिलाला हा अर्ज मुद्दाम विचारा.

एक आपल्या जिल्ह्यापुरतं. सातबाऱ्यावर आदिवासी खातेदार असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगर-आदिवासीला दिलेला भाडेपट्टा महसूल संहितेच्या कलम 36-अ मध्ये अडकतो. तसं असेल तर भाड्याचा वाद बाजूला राहतो, आधी तो प्रश्न सोडवावा लागतो.

चिंचणी डहाणू तालुक्यात येते आणि बोईसर पालघर तालुक्यात, त्यामुळे कोर्ट कोणतं हे गाळा कुठे आहे त्यावरून ठरतं. पण त्याआधी एकदा भाडेकरूसोबत बसा. डिपॉझिटमधून थकबाकी वळती करून, रिकामं करायची तारीख लिहून सही घ्या. तो जायला तयार असेल तर दोन महिन्यांचं भाडं सोडणं मला वर्षानुवर्षांच्या तारखांपेक्षा स्वस्त वाटतं.