खाऊनही खंगणारा कुत्रा : घरची निगा

मळ्याच्या राखणीला पुणे परिसरात अनेकजण अल्सेशियन कुत्रा पाळतात. असा तरणा कुत्रा कधी कधी हावरटासारखा खातो, तरी बरगड्या दिसू लागतात. विष्ठा भरपूर, पिवळट व तेलकट पडते. जंताच्या औषधानेही फरक पडत नसेल, तर त्याला टाकून देऊ नका. त्याच्या स्वादुपिंडात पाचक विकरे, म्हणजेच एन्झाइम, पुरेशी तयार होत नसावीत. त्यामुळे खाल्लेले अंगी लागत नाही. या जातीत हा आजार जास्त आढळतो.

खात्रीसाठी कुत्र्याला १२ तास उपाशी ठेवून रक्ताची टी.एल.आय. तपासणी करतात. त्यासाठी पशुवैद्यकाला किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारावे.

घरी पुढीलप्रमाणे काळजी घ्यावी :

१. स्वादुपिंड विकरांची पावडर प्रत्येक खाण्यात मिसळावी. सुरुवातीस दर १० किलो वजनास सुमारे १ चहाचा चमचा लागतो. अन्न गरम नसावे. उष्णतेने विकरे निकामी होतात.

२. रोजचा आहार २ ते ३ वेळा विभागून द्यावा. मऊ भात, उकडलेले अंडे किंवा कोंबडीचे मांस चालते. कोंडा व चोथा टाळावा.

३. पावडरीविना भाकरीचा तुकडाही देऊ नये. घरातील मुलांना हे बजावून सांगावे.

४. ब-१२ जीवनसत्त्व बहुधा कमी पडते. त्याची इंजेक्शने पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावीत.

५. दर आठवड्यास वजन लिहून ठेवावे. तोंडातून रक्त आल्यास पावडरीची मात्रा कमी करण्याबाबत पशुवैद्यकास विचारावे.

हा आजार सहसा मुळातून जात नाही, औषध जन्मभर चालू ठेवावे लागते. परंतु नेम न चुकविल्यास बहुतेक कुत्रे पुन्हा अंग धरतात व राखणीला उभे राहतात.