रहस्यकादंबरीचे परीक्षण कसे करावे?

रहस्यकादंबरी म्हणजे पाठ्यपुस्तकाआड दडवून वाचावयाची वस्तू, असा समज कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ज्या आजोबांनी तरुणपणी बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांचे पराक्रम तहानभूक विसरून वाचले, तेच आजोबा नातवाच्या हाती तसले पुस्तक दिसताच भुवया उंचावतात! अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि असंख्य मराठी वाचकांना पुस्तकांची गोडी लावली. तेव्हा ही पुस्तके वाचू नयेत, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. जे आवडीने वाचावे त्याविषयी डोळसपणे बोलता यावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

वाचनाच्या तासाला विद्यार्थी जी परीक्षणे लिहून आणतात, त्यांत दोन प्रकार आम्हांस वरचेवर आढळतात. एकात सबंध कथानक, खुन्याच्या नावासकट, उतरवून काढलेले असते. दुसऱ्यात ‘कादंबरी अत्यंत उत्कंठावर्धक आहे’ यापलीकडे काहीच नसते. पहिला परीक्षक पुढच्या वाचकाचा आनंद हिरावून घेतो. दुसरा त्याच्या हाती काही देत नाही. रहस्य तर राखावे, आणि तरीही आपले मत सप्रमाण मांडावे, हे साधावयाचे कसे?

प्रथम, कादंबरी आपल्यापुढे कोणता प्रश्न ठेवते, हे ओळखावे. ‘खून कोणी केला?’ हा एकच प्रश्न नव्हे. फ्रेडरिक फॉर्सिथ यांची ‘द डे ऑफ द जॅकल’ ही कादंबरी १९७१ साली प्रसिद्ध झाली. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना ठार मारण्यासाठी नेमलेल्या मारेकऱ्याची ती कथा आहे. परंतु द गॉल यांना १९७० साली नैसर्गिक मृत्यू आला होता! म्हणजे मारेकऱ्याचा बेत फसणार, हे वाचकास पहिल्या पानापासून ठाऊक असते. तरीही पुस्तक खाली ठेववत नाही. कारण तेथील प्रश्न ‘काय होणार?’ हा नसून ‘हे टळणार कसे?’ हा आहे. अशा थरारकादंबरीत खुनी शोधावयास मिळाला नाही, म्हणून तिला नावे ठेवणे म्हणजे नारळाच्या झाडाकडे आंबे मागण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट, लेखक वाचकाशी प्रामाणिकपणे वागला की नाही, हे पाहावे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. त्यांतील एकाचा मथितार्थ असा, की गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकापासून लपवून ठेवू नये. अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ या १९२६ सालच्या कादंबरीवर याच मुद्द्यावरून वाद माजला. लेखिकेने फसविले, असे काहींचे म्हणणे. तिने सारे काही सांगितलेच होते, आपले लक्ष नव्हते, असे इतरांचे. अशा वेळी एकच उपाय असतो, आणि तो म्हणजे पुस्तक पुन्हा वाचणे. शेवट माहीत असता दुसऱ्या वाचनात मागील वाक्ये नव्या अर्थाने बोलू लागली, तर लेखक खरा. ती मुकीच राहिली, तर शेवट वरून चिकटविलेला समजावा.

आता अलीकडचे एक उदाहरण घेऊ. केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ ही कादंबरी २००५ साली निघाली; तिला जपानमधील प्रतिष्ठेचे नाओकी पारितोषिक मिळाले आणि २०११ साली तिचा इंग्रजी अनुवाद झाला. छळ करणाऱ्या माजी पतीचा एका स्त्रीच्या व तिच्या मुलीच्या हातून मृत्यू होतो, हे आरंभीच कळते. शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक त्या दोघींना वाचविण्याचा विडा उचलतो, आणि त्याचाच जुना मित्र, एक पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक, त्याच्या समोर उभा ठाकतो. परीक्षकाने कथानक येथेच थांबवावे. यापुढे सांगावयाचे ते असे: गणितासंबंधीचे जे संवाद प्रथम केवळ पात्राचा स्वभाव रंगविण्यासाठी आलेले वाटतात, त्यांचे वजन दुसऱ्या वाचनात बदलते. पाहा, रहस्य फुटले नाही. पण लेखकाच्या प्रामाणिकपणाची साक्ष मात्र निघाली.

अशी जपानी कादंबरी इंग्रजीतून वाचावी, तिजवर घरी कोंकणीतून वाद घालावा आणि परीक्षण मराठीतून लिहावे, यात आम्हांस तरी काही विपरीत वाटत नाही.

तिसरी गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. कोडे सुटल्याच्या आनंदात मेलेल्या माणसाचा आपणांस विसर पडतो. सोंगटी मारावी तसा एखादा मनुष्य पहिल्या प्रकरणात मारला जातो आणि पुढे त्याच्यासाठी कोणी हळहळतही नाही. हिगाशिनो यांच्या कादंबरीतील शिक्षकाची निष्ठा पाहून मन भरून येते, हे खरे. तथापि त्या निष्ठेची किंमत कोणाकोणाला मोजावी लागली, हे शेवटच्या पानानंतर स्वतःस विचारावे. परीक्षणात उत्तर देऊ नये. प्रश्न मात्र अवश्य नोंदवावा.

या अभ्यासाचा उपयोग पुस्तकापुरता नाही. गावात चोरी झाली, की पुराव्याआधी नाव पुढे येते; आणि बहुधा ते गरिबाचे किंवा परक्याचे असते. हल्ली तर ते भ्रमणध्वनीवरून घटकेत घरोघर पोहोचते. ज्याचा पहिला संशय चांगल्या कादंबरीने दहा वेळा खोटा पाडला आहे, तो वाचक असे नाव पुढे पाठविण्यापूर्वी क्षणभर तरी थांबेल, अशी आम्हांस आशा आहे.

येत्या सुटीत प्रत्येकाने एक रहस्यकादंबरी दोनदा वाचावी व तिचे परीक्षण दोनशे शब्दांत लिहावे. ते पुस्तक न वाचलेल्या घरातील कोणासही ते वाचून दाखवावे. ऐकणाऱ्यास गुन्ह्याचा उलगडा झाला नाही, आणि तरीही त्याने पुस्तक मागून घेतले, तर परीक्षण साधले असे समजावे.