घटक ४ : इंग्रजी क्रियापदानंतरचे आत्मवाचक सर्वनाम आणि त्याचे मराठी भाषांतर

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस –
• इंग्रजी वाक्यातील आत्मवाचक सर्वनामाचे कार्य ओळखता येईल.
• त्याचे भाषांतर 'स्वतःला' या शब्दाने कोठे करावे व कोठे करू नये, हे सांगता येईल.
• मराठीत हाच अर्थ क्रियापदातून कसा व्यक्त होतो, हे स्पष्ट करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, कोपरगाव रेल्वे स्थानकावर उतरून शिर्डीकडे जाणारे अनेक प्रवासी परप्रांतीय असतात. त्यांच्यासाठी एखाद्या भोजनगृहात 'प्लीज हेल्प युवरसेल्फ' अशी इंग्रजी पाटी लावलेली आहे आणि तिचे मराठी करण्याचे काम आपल्याकडे आले आहे, असे समजा. शब्दकोशात 'हेल्प' म्हणजे मदत करणे आणि 'युवरसेल्फ' म्हणजे तुम्ही स्वतः. त्यावरून 'कृपया स्वतःची मदत करा' असे भाषांतर तयार होते. वाचणारा हसतो आणि जेवायला बसतो. फारसे काही बिघडत नाही.

आता दुसरा प्रसंग पाहा. कोपरगाव तालुका उसाचा आणि साखर कारखान्यांचा. एखाद्या कारखान्यात ऊस उतरवताना कामगार जखमी झाला आणि इंग्रजी अहवालात 'ही हर्ट हिमसेल्फ व्हाइल अनलोडिंग केन' असे वाक्य आले. त्याच पद्धतीने भाषांतर केल्यास 'ऊस उतरवताना त्याने स्वतःला इजा करून घेतली' असे होईल. या वाक्यावर कोणी हसणार नाही. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा कामावर असताना अपघाताने झालेल्या इजेसाठी आहे. 'स्वतःला इजा करून घेतली' या शब्दांतून मात्र इजा जाणूनबुजून केल्याचा अर्थ निघतो. मूळ इंग्रजी वाक्यात तसे काहीही सुचवलेले नाही. त्याचे योग्य मराठी इतकेच : 'ऊस उतरवताना त्याला लागले.'

एका सर्वनामाच्या भाषांतरावर एखाद्याची भरपाई अवलंबून असू शकते. म्हणून या घटकात आपण या सर्वनामाचा बारकाईने अभ्यास करणार आहोत. वाचनाच्या सोयीसाठी इंग्रजी उदाहरणे देवनागरीत दिली आहेत.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ आत्मवाचक सर्वनाम म्हणजे काय?

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. या व्याकरण-परंपरेतून आपण शाळेत जी सर्वनामे शिकलो, त्यांत 'आपण' व 'स्वतः' ही आत्मवाचक सर्वनामे होती. 'आपण घरी जाऊ' या वाक्यातील 'आपण' पुरुषवाचक आहे. 'तो आपण होऊन घरी गेला' यातील 'आपण' आत्मवाचक आहे. आत्मवाचक 'आपण' वाक्याच्या आरंभी येत नाही, हा नियम आपणांस आठवत असेल. त्याचे कारण असे की, हे सर्वनाम आधी आलेल्या कोणाकडे तरी बोट दाखवते.

इंग्रजीतील 'मायसेल्फ', 'युवरसेल्फ', 'हिमसेल्फ', 'हरसेल्फ', 'देमसेल्व्ज' यांचाही स्वभाव असाच आहे. मुलाखतीत अनेकजण 'मायसेल्फ सुनीता' अशी सुरुवात करतात. येथे 'मायसेल्फ' ज्याच्याकडे वळून पाहील असा कर्ताच वाक्यात नाही. म्हणून 'आय ॲम सुनीता' किंवा 'माय नेम इज सुनीता' असे म्हणावे.

४.३.२ क्रियापदानंतरची तीन कार्ये

(अ) खरे कर्म : 'ही ब्लेम्ड हिमसेल्फ' या वाक्यात दोष देणारा आणि ज्याला दोष दिला तो, एकच आहे. 'ही ब्लेम्ड हिम' म्हटले तर दोष दुसऱ्याला दिला जातो. मराठीतही हा भेद तसाच आहे : 'त्याने स्वतःला दोष दिला' आणि 'त्याने त्याला दोष दिला'. येथे 'स्वतःला' हे भाषांतर योग्य आहे.

(आ) क्रियापदाचाच भाग : 'प्राइड', 'ॲब्सेंट', 'अव्हेल', 'बिहेव', 'एन्जॉय' अशा क्रियापदांबरोबर हे सर्वनाम क्रियापदाशी एकजीव होऊन येते. अशा ठिकाणी सर्वनामाचे वेगळे भाषांतर करू नये. दोन्ही मिळून एका मराठी क्रियापदात उतरवावे.

• वी एन्जॉइड अवरसेल्व्ज ॲट द फेअर – जत्रेत आम्हांला मजा आली.
• बिहेव युवरसेल्फ – नीट वाग.
• ही ॲब्सेंटेड हिमसेल्फ फ्रॉम द मीटिंग – तो सभेला गैरहजर राहिला.
• मेंबर्स मे अव्हेल देमसेल्व्ज ऑफ धिस स्कीम – सभासदांना या योजनेचा लाभ घेता येईल.

(इ) दृढता दाखवणारे : 'द कलेक्टर केम हिमसेल्फ' म्हणजे 'जिल्हाधिकारी स्वतः आले'. येथे सर्वनाम कर्म नाही; ते कर्त्यावर जोर देते. मराठीत 'स्वतः' येतो, पण 'ला' हा प्रत्यय लागत नाही.

ही कार्ये ओळखण्यासाठी दोन कसोट्या उपयोगी पडतात. पहिली : सर्वनाम गाळून पाहा. वाक्य पूर्ण राहिले आणि केवळ जोर कमी झाला, तर ते (इ) प्रकारचे आहे. दुसरी : सर्वनामाच्या जागी दुसरी व्यक्ती ठेवून पाहा. 'ही ब्लेम्ड द ड्रायव्हर' चालते, म्हणून ते (अ). 'ही ॲब्सेंटेड द ड्रायव्हर' चालत नाही. 'हेल्प द गेस्ट' चालते, पण वाढून घेण्याचा अर्थ उरत नाही. म्हणून ही दोन्ही (आ) मध्ये येतात.

४.३.३ मराठीची स्वतःची सोय

'हर्ट', 'कट', 'बर्न' ही क्रियापदे दुसऱ्या कसोटीवर (अ) मध्ये बसतात; तरीही 'स्वतःला' हे भाषांतर फसते. असे का होते? इंग्रजी वाक्याला येथे कर्ता लागतो, मग कृती नकळत घडलेली का असेना. मराठी अशा वेळी माणसाला कर्तेपणातून मोकळे करते. त्याला चतुर्थीत ठेवते आणि घडलेल्या गोष्टीला क्रियापद देते : त्याला लागले, तिला विळी लागली, मुलाला चटका बसला. म्हणून अशा वाक्यांना तिसरा प्रश्न विचारावा : कृती हेतुपुरस्सर होती की नकळत? हेतू स्पष्ट असेल तरच 'स्वतःला' वापरावे.

मराठीची दुसरी सोय म्हणजे 'घेणे' हे सहायक क्रियापद. 'वाढून देणे' आणि 'वाढून घेणे', 'लिहून देणे' आणि 'लिहून घेणे' या जोड्या पाहा. 'देणे' कृतीचे फळ दुसऱ्याकडे पाठवते, 'घेणे' ते कर्त्याकडे वळवते. इंग्रजी जे काम सर्वनामाकडून करवून घेते, ते मराठीत पुष्कळदा 'घेणे' करते. भोजनगृहातील पाटीचे उत्तर येथेच आहे : 'कृपया हवे ते वाढून घ्या.'

उलट दिशेने भाषांतर करतानाही सावध राहावे. 'मला थकल्यासारखे वाटते' याचे इंग्रजी 'आय फील टायर्ड' इतकेच होते. 'आय फील मायसेल्फ टायर्ड' असे म्हणत नाहीत. 'वॉश', 'शेव्ह', 'ड्रेस', 'रिलॅक्स' यांच्यापुढेही सामान्यतः सर्वनाम लागत नाही.

४.४ सारांश

इंग्रजीत कृती कर्त्याकडे परतते हे बहुधा सर्वनाम सांगते; मराठीत ते सर्वनामही सांगते, 'घेणे'ही सांगते आणि कधी संपूर्ण वाक्यरचनाच बदलून सांगितले जाते. म्हणून भाषांतर करताना सर्वनामाआधी क्रियापदाकडे पाहावे आणि 'हा माणूस येथे खरोखर काही करतो आहे, की त्याला काही झाले आहे?' असे स्वतःला विचारावे.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

पुढील वाक्यांचे मराठी भाषांतर करा व सर्वनामाचे कार्य ओळखा.
१. शी टॉट हरसेल्फ टायपिंग.
२. द बॉय बर्न्ट हिमसेल्फ ऑन द स्टोव्ह.
३. द तहसीलदार हिमसेल्फ इन्स्पेक्टेड द कॅनॉल.
४. शी प्राइड्स हरसेल्फ ऑन हर कुकिंग.

उत्तरे

१. ती टायपिंग आपली आपण शिकली. (कर्म, परंतु मराठीत 'स्वतःला शिकवले' ऐवजी 'शिकणे' हे क्रियापद पुरते.)
२. मुलाला स्टोव्हचा चटका बसला. (कर्म, नकळत घडलेली कृती.)
३. तहसीलदारांनी स्वतः कालव्याची पाहणी केली. (दृढता.)
४. तिला आपल्या स्वयंपाकाचा अभिमान आहे. (क्रियापदाचा भाग.)

४.६ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील बँक, पतसंस्था, दवाखाना किंवा रेल्वे स्थानक येथील इंग्रजी-मराठी सूचनाफलक वाचा. आत्मवाचक सर्वनाम असलेली किमान पाच वाक्ये नोंदवून घ्या आणि त्यांची मराठी भाषांतरे वरील तीन प्रश्नांवर तपासा. जे भाषांतर सदोष वाटेल, ते सुधारून लिहा व सुधारणेचे कारण दोन वाक्यांत द्या.