सेवाभावी मंडळ चालवायचंय? आधी खर्चाची वही उघडा

तीस सभासद, दरमहा ३०० रुपये वर्गणी, म्हणजे वर्षाचे १ लाख ८ हजार. नवं मंडळ काढणारे पहिल्याच बैठकीत हा गुणाकार करतात आणि लगेच उपक्रमांची यादी लिहायला घेतात. तालुक्याच्या गावात नऊ वर्षं खजिनदारकी केल्यावर माझं सांगणं असं, की त्या आकड्यातून आधी न येणारी वर्गणी वजा करा. आमच्याकडे वसुली कधी ८५ टक्क्यांच्या वर गेली नाही. उरलेल्या ९१,८०० रुपयांतून मंडळ नुसतं जिवंत ठेवायचा खर्च काढा. त्यानंतर जे राहील, त्यावर यादी करा.

नोंदणीला किमान सात जण लागतात. आपल्या राज्यात १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवली, की १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही ती येते. सरकारी शुल्क किरकोळ आहे. पैसे जातात ते घटना लिहून घेणं, प्रतिज्ञापत्रं आणि धर्मादाय कार्यालयाच्या खेपा यांत. हे सगळं करून देणारे सल्लागार आमच्या भागात १० ते २० हजार घेतात. लेखापरीक्षणाचे दर वर्षी आणखी ५ ते ८ हजार धरा. ३१ मार्चला खाती बंद करायची आणि सहा महिन्यांत लेखापरीक्षण उरकायचं. कार्यकारिणी बदलली, की ९० दिवसांत बदल अर्ज गेलाच पाहिजे. आमचे सलग दोन अर्ज राहून गेले. त्यामुळे बँकेत सह्या बदलेनात, आणि खात्यात पैसे असूनही नेत्र शिबिराच्या गाडीचं भाडं सभासदांनी खिशातून भरलं. चूक सर्वस्वी आमची होती.

रोटरी किंवा लायन्सच्या छत्राखाली जायचं, तर नव्या क्लबला वीस सभासद हवेत. नाव, ओळखी आणि शिस्त आयती मिळते, पण प्रत्येक सभासदामागे आंतरराष्ट्रीय शुल्क भरावं लागतं आणि ते डॉलरमध्ये ठरतं. रोटरीचं बिल जुलै आणि जानेवारीत येतं. प्रांताचं शुल्क निराळं. त्यात दर बैठकीला जेवण ठेवलंत, तर तीनशेच्या वर्गणीत भागणार नाही. चहा-बिस्किटांवर बैठक होते, आमची होते.

लायन्सचा एक नियम मात्र कुठल्याही मंडळाने उचलावा असा आहे. लोकांकडून गोळा केलेला पैसा लोकांच्याच कामाला जायचा. मंडळाचा कारभार सभासदांच्या वर्गणीतून चालवायचा. त्यासाठी पहिल्या दिवसापासून दोन वेगळी खाती ठेवा. देणगीदाराने रुग्णांसाठी दिलेल्या हजारातून पदग्रहणाचे हारतुरे आले, तर तो माणूस पुन्हा दारात उभा करणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल.

आता कामांकडे येऊ. सगळ्यांत कमी खर्चाचं काम रक्तदान शिबिराचं. खाटा, पिशव्या, डॉक्टर, तंत्रज्ञ रक्तपेढी आणते. आपल्याकडे जागा, मंडप, पंखे, केळी, चहा आणि फलक. साठ दात्यांचं शिबिर आमचं ८ ते १० हजारांत होतं. हा आकडा फुगतो तो हेल्मेट आणि बॅगांच्या भेटींनी. त्या देऊ नका. पैसे घेऊन रक्त देणं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ जानेवारी १९९८ पासून बंद झालं, कारण गरजेपोटी आलेला माणूस आजार लपवतो. वस्तूचं आमिषही त्याच वाटेने नेतं. तारीखसुद्धा विचार करून धरा. बिंबिका पाचच दिवस टिकतात, तांबड्या पेशी पाच-सहा आठवडे. २६ जानेवारीला गावात चार शिबिरं होतात आणि मे महिन्यात नातेवाईक पिशवीसाठी वणवण फिरतात. शिबिर मे महिन्यात घ्या. खर्च तेवढाच येतो.

वृक्षारोपणात रोपं सर्वांत स्वस्त असतात. आम्हाला पन्नास रोपं दीड हजारात मिळाली. टँकर ८०० रुपयांचा, आठवड्याला एक, फेब्रुवारी ते मे सोळा आठवडे: १२,८०० रुपये. असे किमान दोन उन्हाळे. जाळ्यांचा खर्च वेगळाच. पाण्याचे पैसे हातात नसतील, तर पन्नासाऐवजी दहाच झाडं लावा.

ज्या कामावर सर्वांत जास्त पैसे घालावेत असं मला मनापासून वाटतं, ते म्हणजे रुग्णोपयोगी साहित्य केंद्र. आम्ही सुरुवात केली ती एक वरखाली होणारी खाट (१४ हजार), दोन व्हीलचेअर (१२ हजार), तीन वॉकर, दोन कमोड खुर्च्या आणि दोन एअर बेड एवढ्यावर. सगळं मिळून चाळीस हजारांच्या आत. वस्तूप्रमाणे ५०० ते ३००० रुपये अनामत घेतो, ती वस्तू परत आली की लगेच देतो. भाडं नाममात्र. खरा खर्च पुढे सुरू होतो: एअर बेडचा पंप बिघडतो, व्हीलचेअरचं पुढचं चाक निघतं, वॉकरचे रबरी बूट झिजतात. वॉकर परत आला, की आमचे एक निवृत्त एसटी मेकॅनिक तो उलटा करून चारही बूट अंगठ्याने दाबून बघतात. बूट गुळगुळीत झाला असेल तर तीस-चाळीस रुपयांचा नवा बसतो, मगच वॉकर पुढच्या घरी जातो. ओल्या फरशीवर म्हातारं माणूस घसरलं तर खुबा मोडतो. दुरुस्ती आणि निर्जंतुकीकरणासाठी वर्षाला ६ ते ७ हजार बाजूला ठेवा. अनामतीची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा, तिला हात लावू नका. ती आपली नव्हे.

देणगीदाराला करसवलत द्यायची असेल, तर आयकर खात्याकडे त्यासाठीची नोंदणी लागते. २००० रुपयांवरच्या रोख देणगीला ही सवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम चेकने किंवा ऑनलाइनच घ्या. देणग्यांचं विवरण ३१ मेपर्यंत भरायचं असतं. ते राहिलं, तर देणगीदाराचं प्रमाणपत्र अडतं.

आणि तुमच्या घरी माळ्यावर एखादा वॉकर किंवा कमोड खुर्ची पडून असेल, तर धूळ पुसून जवळच्या साहित्य केंद्रात नेऊन द्या. पावती जरूर मागून घ्या.