फोड हाताला, गाठ गळ्याखाली

अगं, तू हात सुजतोय म्हणालीस आणि आईनं लगेच कापसाच्या वेचणीवर टाकलं. पण वेचणीनं दोन्ही हात दुखतात, तुझा एकच भरून येतो. शिवाय गळ्याखालचं आडवं हाड छातीच्या हाडाला मिळतं, तिथं टणक उंचवटा आलाय. तो मला सांगितलास, डॉक्टरांना नाही. छातीजवळचं म्हणून लाजलीस ना? आपण बायका पदराआड काय काय दडवतो!

हातातलं रक्त हृदयाकडं नेणारी मोठी शीर त्याच आडव्या हाडामागून, पहिल्या बरगडीवरून जाते. हाड विनाकारण जाड होत गेलं की ती चेपते. रक्त तुंबून हात जड होतो, खांद्याछातीवर निळ्या शिरा उमटतात. दुर्मीळ आहे हे, पण असतं. सत्तरच्या दशकात जपानी डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले. १९८७ साली फ्रेंच डॉक्टरांनी सांधे, कातडी आणि हाडांची ही दुखणी एकत्र धरून त्याला ‘सॅफो’ नाव दिलं.

कातडीही, बरं का. तुझ्या तळहातांवर पुवाचे फोड येतात, ते आपण धुण्याच्या सोड्यावर ढकलत आलो. मलम एका दवाखान्यातलं, दुखण्याची गोळी दुसऱ्यातली. मग दोन्ही एकत्र पाहणार कोण? तुला हेच आहे असं मी म्हणत नाही. ते ठरवायला सीटी स्कॅन, रक्त, कधी हाडाचा तुकडा तपासावा लागतो. बोन स्कॅनमध्ये बऱ्याचदा बैलाच्या शिंगाळ्या डोक्यासारखी आकृती दिसते, अगदी पोळ्याच्या बैलासारखी! टीबी आणि कॅन्सर नाहीत ना, हे आधी पाहतात, आणि पाहायलाच हवं. पण नुसत्या अंदाजानं टीबीच्या गोळ्या सुरू करू देऊ नकोस.

निदान झालं तर सूज उतरवणारी औषधं, हाडांची इंजेक्शनं असे उपाय आहेत. ऑपरेशन सरसकट लागत नाही.

मलकापूरहून अकोल्याला गाडी थेट आहे. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखव, संधिवाततज्ज्ञ कुठं भेटतील तेही विचार. तळहात, उंचवटा, सूज, तिन्ही एकाच डॉक्टरला, एकाच बैठकीत दाखव. जुने कागद सोबत घे. तोवर कुणाकडून मालीश नको; शिरेत गुठळी असली तर जिवावर बेतेल.

आणि हात एकाएकी निळा पडला, चेहरा सुजला किंवा धाप लागली, तर माझ्या फोनची वाट पाहू नकोस. सरळ १०८ला फोन लाव.