चांदीचं पाणी लेकराला नको देऊस

अगं, आधी बस बघू जरा. लेकराला डे-केअरला घातल्यापासून नाक वाहायचं थांबत नाही, आता तर कान धरून रडतोय. डॉक्टर म्हणतात दोन-तीन दिवस वाट बघा, आणि ऑफिसातली तुझी रजा केव्हाच संपलीय. आई नि सासूबाई तिकडे, तू इकडे अमेरिकेत. अशात प्लेग्रुपमधली मैत्रीण मायेनं सांगते, ‘अँटिबायोटिक कशाला? कोलॉयडल सिल्व्हर दे, नैसर्गिक असतं.’ हेल्थ फूडच्या दुकानात त्या चांदीच्या पाण्याची ड्रॉपरची बाटली समोर दिसली की कुठल्याही आईचा हात पुढे जाईल. पण खरं सांगू का, ती बाटली घरी आणू नकोस. का ते नीट सांगते.

चांदी जंतू मारते, हे काही खोटं नाही. भाजल्यावर डॉक्टर जे पांढरं मलम देतात त्यात चांदीचंच संयुग असतं. १८८०च्या सुमाराला लाइपझिगच्या डॉ. क्रेडे यांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायला सुरुवात केली आणि कितीतरी बाळांची दृष्टी वाचली. हे सगळं वरून लावायचं झालं, तेही डॉक्टरांच्या नजरेखाली. पोटात घेतलेल्या चांदीनं एखादा आजार बरा होतो, याचा मात्र धड पुरावा कुणीच दिलेला नाही. लोह किंवा जस्त शरीराला लागतं, तशी चांदी लागतही नाही. म्हणूनच इथल्या औषध प्रशासनानं, एफडीएनं, १९९९ साली स्पष्ट केलं, की चिठ्ठीशिवाय मिळणारं चांदीचं कुठलंही औषध सुरक्षित किंवा गुणकारी मानता येत नाही.

मग दुकानात कशी मिळते, असंच विचारशील ना? बघ, १९९४च्या कायद्यानं सप्लिमेंट विकायला आधी मंजुरी लागत नाही. बाटली उलटी करून मागचा बारीक मजकूर वाच. कुठला आजार बरा करण्यासाठी हे नाही, आणि एफडीएनं हे दावे तपासलेले नाहीत, असं तिथं छापलेलं असतं. पुढच्या बाजूला मात्र ‘इम्यून सपोर्ट’ ठळक अक्षरांत.

आता त्याच लेबलवरचा ‘१० पीपीएम’ हा आकडा बघ. म्हणजे एका लिटरला १० मिलिग्रॅम चांदी, पाच मिलिलिटरच्या एका चमच्यात ५० मायक्रोग्रॅम. इथल्या पर्यावरण खात्यानं, ईपीएनं, रोज पोटात जाणाऱ्या चांदीची मर्यादा किलोमागे ५ मायक्रोग्रॅम धरली आहे. तुझं लेकरू दहा किलोचं असेल, तर एकाच चमच्यात त्याची दिवसाची मर्यादा संपली. बाटली ३० पीपीएमची असेल, तर तिप्पट झाली. मोठ्या माणसाला थोडी वाटणारी मात्रा लहान जिवाला थोडी नसते गं.

ही मर्यादा ठरवली ती ‘अर्जिरिया’मुळे. चांदी शरीरात साठत जाते, कातडीत बसते आणि उजेडानं काळवंडते. जुन्या फोटोच्या फिल्ममध्ये चांदीचा हाच गुण वापरायचे. चेहरा आणि हात राखाडी-निळे होतात आणि तो रंग आपोआप उतरत नाही. लेझरनं काहींना थोडा फरक पडतो, तोही खर्च आणि वेदना सोसून. रोझमेरी जेकब्ज या अमेरिकन बाईंना १९५०च्या दशकात, लहानपणी, डॉक्टरांनीच नाकात घालायला चांदीचे थेंब दिले होते. वयात येता येता त्यांचा चेहरा राखाडी झाला आणि तो रंग कधीच पुरता गेला नाही. दुसऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून पुढं वर्षानुवर्षं त्या या औषधाविरुद्ध बोलत राहिल्या. मोंटानातले राजकारणी स्टॅन जोन्स यांनी १९९९ साली, वायटूकेमुळे, म्हणजे २००० साल लागताच कॉम्प्युटर बंद पडून, अँटिबायोटिकं मिळेनाशी होतील या भीतीनं, घरीच चांदीचं पाणी करून प्यायला सुरुवात केली. २००२ साली ते सिनेटची निवडणूक लढवत होते, तेव्हा त्यांचा निळसर चेहरा साऱ्या देशानं पाहिला.

विकणारे म्हणतात, ही जुनी नाहीतर घरगुती बनावटीची उदाहरणं, आमचं पाणी शुद्ध आणि मात्रा कमी. त्यात थोडं तथ्य आहे. अर्जिरिया बहुधा खूप दिवस, भरपूर घेतल्यावरच होतो. म्हणून एक-दोन चमचे आधीच दिले असशील, तर रात्रभर जागू नकोस, लेकरू निळं होणार नाही. आजपासून बंद कर आणि डॉक्टरांना न लाजता सांग. पण फायदाच नसेल, तर थोडा धोका तरी कशासाठी पत्करायचा? आणि तू स्वतः थायरॉइडची गोळी घेत असशील तर जास्तच जप. चांदीमुळे ती गोळी आणि काही अँटिबायोटिकं अंगी नीट लागत नाहीत.

आजीनं पाठवलेल्या चांदीच्या वाटी-चमच्याची काळजी करू नकोस. घन चांदी खिमटीत विरघळत नाही. खुशाल भरव.

आता आज करायचं काय, ते ऐक. डॉक्टर थांबा म्हणतात ते पुष्कळ मुलांचा कान आपोआप बरा होतो म्हणून. तोवर टायलेनॉल वजनाप्रमाणे किती द्यायचं ते नर्सला फोन करून विचार, नाकात सलाइनचे थेंब घाल, पाणी-दूध थोडं थोडं पाजत राहा. ताप १०२ च्या वर गेला, कानातून पू आला, कानामागे सूज दिसली किंवा दोन दिवसांत उतार पडला नाही, तर लगेच घेऊन जा. चुकून काही पोटात गेलं तर हाताशी असावा म्हणून पॉइझन कंट्रोलचा १-८००-२२२-१२२२ हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेव, तिथं रात्रीसुद्धा माणूस बोलतो.

मैत्रिणीशी वाद घालत बसू नकोस. ‘आमच्या डॉक्टरांनी नको सांगितलंय’ एवढं म्हण, पुरे होतं. तुला हे सगळं जमतंय गं, दमली आहेस इतकंच. फक्त माझं एवढं ऐक: कुणी काही पोटात द्यायला सांगितलं, तर त्याचा गुण कुणी दाखवून दिलाय का ते आधी विचार, आणि उत्तर मिळेपर्यंत लेकराच्या तोंडाशी चमचा नेऊ नकोस.