भाजावळ आणि वणवा

बारडोलीच्या मुलांना आग नवी नाही. दिवाळी सरली की साखर कारखान्यांची धुराडी पेटतात, आणि मग होळीच्या पुढेपर्यंत केव्हा ना केव्हा तिन्हीसांजेच्या सुमारास एखाद्या शेतातील उभा ऊस पेटविलेला दृष्टीस पडतो. वाळके पाचट जळून जाते, ऊस तेवढा उभा राहतो, तोडणाऱ्याचे हात चिरत नाहीत आणि तोडणी झपाट्याने उरकते. दुसऱ्या दिवशी वाळत घातलेल्या धुतल्या कपड्यांवर काजळीची पिसे येऊन बसतात व घरोघरी आईचा त्रागा ऐकू येतो. ही आग चांगली की वाईट, असे वर्गात विचारले तर दोन्ही बाजूंनी हात वर होतात. शेतकऱ्याला विचारले तर तो जळक्या उसाला कापून मिळणाऱ्या भावाची गोष्ट काढतो. तो वाद तूर्त बाजूस ठेवू. ह्या आगीविषयी एकच गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही, की ती कोणीतरी जागा व वेळ पाहून, ठरवून लावलेली असते. अशी ठरवून लावलेली आग आणि आपण होऊन धावत सुटलेला वणवा ह्यांतील भेद, आणि ठरवून आग लावण्यासही पैसा का लागतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

बारडोलीहून पूर्वेस निघाले की वालोड, व्यारा, सोनगढ अशी गावे मागे पडतात आणि डांगचे जंगल सुरू होते. साग, ऐन, खैर, धावडा, बांबू, मोह असे हे पानझडीचे अरण्य आहे. माघ-फाल्गुनात ह्या झाडांची पाने गळतात. सागाचे एक एक पान सुपाएवढे. त्यांचा थर जमिनीवर साचतो, त्यात पावसाळ्यात वाढलेले गवत वाळून कोळ होते. उन्हाची तीव्रता वाढत असतानाच मोहाची फुले गळू लागतात. ती वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा कोणी पेटवितो, कोणी नवे गवत लवकर फुटावे म्हणून काडी लावतो, कोणाची विडी पडते. आग डोंगर चढू लागली म्हणजे तिचा वेग वाढतो, कारण ज्वाला पुढच्या चढावरील गवत आधीच तापवून ठेवतात. तरी एक गोष्ट लक्षात ठेवावी. परदेशांतील देवदार-पाइनच्या वनांप्रमाणे येथे सहसा शेंडे पेटत नाहीत; आग जमिनीलगत सरकते, पाचोळा व गवत खाऊन पुढे जाते. जून साग अशा आगीतून निभावतो. त्याचे रोपटे जमिनीपर्यंत जळते, पण मूळ जिवंत राहते, आणि पावसाळ्यात त्यातून पुन्हा कोंब येतो. मात्र दरसालच आग आली तर तो कोंब वृक्ष कधीच होत नाही. म्हणजे आगीचा प्रश्न केवळ ‘लागली की नाही’ असा नाही. ती किती वर्षांनी, कोणत्या महिन्यात आणि किती तापून गेली, हा आहे.

ही तीन प्रश्नचिन्हे शासनकर्त्यांच्या ध्यानात येण्यास बराच काळ लागला. इंग्रजांनी १८४२ साली डांगचे जंगल तेथील भिल्ल राजांकडून पट्ट्याने घेतले, ते सागासाठी. (त्या कराराची आठवण म्हणून आजही होळीपूर्वी आहवा येथे डांग दरबार भरतो आणि पाच राजांच्या वारसांना सालियाना दिला जातो, नेमक्या त्याच दिवसांत आसपासचे डोंगर वाळून तयार झालेले असतात.) पुढे १८६४ मध्ये हिंदुस्थानचे वनखाते स्थापन होऊन डीट्रिख ब्रांडिस त्याचे पहिले प्रमुख झाले. सातपुड्यातील बोरीच्या वनात त्याच दशकात आगबंदीचा पद्धतशीर प्रयोग झाला, आणि हळूहळू आग म्हणजे शत्रू, ती लावणारा म्हणजे गुन्हेगार, हे सूत्र ठरून गेले. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या २६ व्या कलमाने राखीव वनात आग लावणे आजही गुन्हा आहे. वनाधिकाऱ्याची लेखी अनुज्ञा असेल तर गोष्ट निराळी.

गंमत अशी की ह्या सूत्राबद्दलची पहिली शंका वनखात्याच्याच माणसांनी घेतली. ब्रह्मदेशात काम करणाऱ्या स्लेड नामक वनाधिकाऱ्याने १८९६ साली ‘इंडियन फॉरेस्टर’ ह्या नियतकालिकात लिहिले, की ब्रह्मदेशात आगीपासून संरक्षण अति होत आहे. जेथे आग येऊ दिली नाही तेथे बांबू व सदाहरित झाडोरा माजून सागाची नवी रोपे दिसेनाशी होतात, असा त्याचा अनुभव होता. बंगाल-आसामकडील सालाच्या वनांतही अशीच अडचण आली. वरिष्ठांनी प्रथम कानांवर हात ठेवले. कालांतराने मात्र त्या प्रांतांत नियंत्रित आग पुन्हा वापरात आली. अमेरिकेने १९३५ साली त्याहून कडक नियम केला होता: दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. त्यामुळे लहान आगी थांबल्या, आणि त्या आगींनी जे काडीकचऱ्याचे ओझे वेळोवेळी उतरविले असते ते रानात साचत गेले. पुढे तेथे जे प्रचंड वणवे पेटू लागले त्यांच्या कारणांत हे साचलेले ओझे एक मोठे कारण मानले जाते.

ठरवून लावलेली आग कशी असते, हे पाहण्यास परदेशी जाण्याचे कारण नाही. आमच्या कोकणपट्टीत उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात. तिला भाजावळ किंवा राब म्हणतात. वाफ्यावर शेण, झाडांचे टाहाळे, पालापाचोळा व गवत ह्यांचे थर एकावर एक रचतात, वरून बारीक माती पसरतात, कडेचा केरकचरा झाडून घेतात, आणि मग वारा पडलेला पाहून आग लावतात. ती वाऱ्याच्या पाठीकडून नव्हे, तर वारा ज्या दिशेस जातो त्या टोकाकडून. त्यामुळे आग वाऱ्याच्या तोंडावर, कुरकुरत, सावकाश मागे सरकते. जमीन भाजते, पण ज्वाला उड्या मारीत नाहीत. माझ्या लहानपणी हे काम वाटेल त्याच्या हाती देत नसत. घरातील वडीलधारा माणूस काडी ओढी आणि आम्ही मुले ओल्या डहाळ्या घेऊन कडेने उभी राहत असू. आजच्या वनशास्त्राच्या पुस्तकांत नियंत्रित जाळणाचे जे नियम दिलेले आढळतात – कडा मोकळ्या करा, वारा व दव पाहा, आग वाऱ्याविरुद्ध चालवा, माणसे उभी करा – ते सारे ह्या एका वाफ्यात सापडतात. वनखात्याची जाळरेषा हीदेखील मोठी भाजावळच होय. दोन समांतर कडा साफ करून मधला गवताचा पट्टा हंगामापूर्वी जाळून टाकतात, म्हणजे पुढे वणवा आला तरी त्या काळ्या पट्ट्याशी येऊन उपाशी मरतो. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात, व त्या चार महिन्यांपुरते जे रखवालदार नेमतात त्यांना विदर्भातील जंगलांत ‘अंगारी’ असे अन्वर्थक नाव आहे.

परंतु जाळरेषा ही वनाची वेस झाली. वेशीच्या आतील रानात ठरवून आग न्यावी काय, हा खरा अवघड प्रश्न आहे. कर्नाटकात बिळिगिरीरंगन टेकड्यांवर सोलिग नावाचे आदिवासी राहतात. हिवाळा सरतासरता, पाचोळा पुरता वाळण्यापूर्वीच ते त्याला हलकी आग लावीत. तिचे नाव ‘तरगु बेंकी’, म्हणजे पाचोळ्याची आग. १९७४ मध्ये तेथे अभयारण्य झाले आणि ही प्रथा बंद पडली. त्यानंतर त्या टेकड्यांवर घाणेरी, जिला आपण टणटणीही म्हणतो, ती भयंकर फोफावली. सोलिग वृद्धांचे म्हणणे असे, की हलकी आग घाणेरीचे कोवळे रोप मारीत असे आणि आवळ्याच्या झाडावरील बांडगूळही तिने आटोक्यात राही. आग थांबली, म्हणून हे संकट आले. ह्याउलट काही अभ्यासकांनी असे मांडले आहे, की वारंवार येणारी तीव्र आगच घाणेरीला जागा मोकळी करून देते, आणि वाळकी घाणेरी पुढच्या आगीला आणखी भडकविते. दोघेही कदाचित खरेच बोलत असतील, कारण एकाची आग हिवाळ्याच्या अखेरची, हलकी. दुसऱ्याची भर उन्हाळ्यातील. आता ज्या टेकडीवर घाणेरी पुरुषभर उंच माजली आहे तेथे जुनी हलकी आग परत आणता येईल काय? तेथे ती हलकी राहणारच नाही. आधी घाणेरी उपटावी लागेल, गवत परत आणावे लागेल, मग आग. ह्या प्रत्येक पायरीला मजुरी पडते.

असे वाद शब्दांनी मिटत नाहीत. रानाचे तुकडे आखून, त्यांत निरनिराळ्या प्रकारे आग लावून, वर्षानुवर्षे मोजमाप करून मिटतात. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात १९५४ पासून हेच चालले आहे. काही तुकडे दरसाल, काही दोन किंवा तीन वर्षांनी, निरनिराळ्या ऋतूंत जाळतात, आणि काहींना आगीचा स्पर्शही होऊ देत नाहीत. ज्यांनी ते आखले त्यांच्या नातवंडांच्या पिढीला त्यांचे उत्तर वाचावयास मिळत आहे. आपल्या देशात नीलगिरीजवळील मुदुमलई येथे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये ५० हेक्टरांचा तुकडा आखून त्यातील एकूण एक झाडाची नोंद ठेवली आहे. आगीनंतर कोणते झाड जगले व कोणते गेले, हे त्यामुळे सांगता येते. अशा कामाला एकरकमी देणगी पुरत नाही. दरसाल थोडा, पण न चुकता येणारा पैसा लागतो, आणि नेमका तसाच पैसा मिळणे कठीण असते. वणवा पेटला की वर्तमानपत्रांत छायाचित्र येते, विमानातून पाणी टाकण्याची मागणी होते. न पेटलेल्या वणव्याचे छायाचित्र कोण काढणार?

आपल्याकडील हिशेब करून पाहू. तो आठवीच्या मुलासही जमेल. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे देशातील वनाच्छादनापैकी ३६ टक्क्यांहून अधिक भाग वारंवार आगीच्या तोंडी पडणारा आहे. वनाच्छादन सात लाख चौरस किलोमीटरांहून अधिक. म्हणजे हा भाग झाला सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटर. वणवा प्रतिबंधाची जी केंद्रीय योजना २०१७-१८ पासून सुरू झाली, तिच्यासाठी आरंभीच्या काही वर्षांत केंद्राची तरतूद सालीना सुमारे ५० कोटी रुपये होती. भागाकार केला म्हणजे हेक्टरी वीस रुपये येतात. राज्ये त्यात आपला ४० टक्के वाटा (हिमालयातील व ईशान्येकडील राज्ये १० टक्के) घालतात, शिवाय आपला निराळा खर्चही करतात, हे खरे. तरी दोनदा चहा घेण्याइतक्या ह्या रकमेत जाळरेषा, निरीक्षण मनोरे, अंगाऱ्यांची मजुरी आणि शिक्षण सारे बसवावयाचे, आणि मग उरलेच तर संशोधन. उपग्रहांनी एक काम मात्र उत्तम केले आहे. आग दिसताच देहरादूनहून वनरक्षकाच्या भ्रमणध्वनीवर संदेश येतो. पण संदेश वाचून डोंगर चढणारी माणसे उपग्रह देत नाही.

पैसा उभा करण्याची एक निराळी तऱ्हा उत्तर ऑस्ट्रेलियात दिसते. पश्चिम आर्नहेम प्रदेशातील आदिवासी तेथून उठून गेल्यावर त्यांच्या हिवाळी, हलक्या आगी थांबल्या व हंगामाच्या शेवटी प्रचंड वणवे येऊ लागले. २००६ पासून त्याच लोकांना आपल्या भूमीवर परत नेऊन हंगामाच्या आरंभी आग लावण्याचे काम दिले. खर्च एका नैसर्गिक वायूच्या कंपनीने सोसला: दरसाल सुमारे दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, सतरा वर्षांच्या कराराने, कारण उशिराचे मोठे वणवे टळल्याने जे हरितगृह वायू वाचतात ते तिच्या स्वतःच्या हरितगृह वायूंच्या खात्यात वजा धरावयाचे होते. डांगचे सागवन म्हणजे ऑस्ट्रेलियाचे माळरान नव्हे. तेथील हिशेब येथे जसाच्या तसा लागू करणे शहाणपणाचे होणार नाही. परंतु रानाची वहिवाट ठाऊक असणाऱ्या माणसास वर्षभराची रोजी देऊन ठेवणे, एवढी गोष्ट तेथून उचलण्याजोगी आहे.

आणि पैसा आला म्हणजे सर्व झाले असेही नाही. अमेरिकेने २०२१ च्या एका कायद्यान्वये नियंत्रित जाळणासाठी ५० कोटी डॉलर बाजूला काढले. पुढच्याच वसंतात न्यू मेक्सिको राज्यात सरकारी वनखात्याने स्वतः लावलेल्या दोन आगी – एक नियंत्रित जाळण, दुसरी हिवाळ्यात पेटविलेल्या काटक्यांच्या ढिगांत महिनोन्महिने धुमसत राहिलेली – हातातून निसटून एकत्र झाल्या. तीन लाख एकरांवर रान आणि शेकडो घरे जळाली. खात्याने देशभरातील असे जाळण नव्वद दिवस थांबविले व कारणांची चौकशी केली. त्या प्रदेशातील लोकांना ‘चांगली आग’ हे शब्द आज कोणी ऐकविले तर ते काय म्हणतील, ह्याची कल्पना करावी. ठरवून आग लावा असे सांगणाऱ्याने ही बाजू लपविता कामा नये. भाजावळीत चूक झाली तर शेजाऱ्याचे कुंपण जळते; रानात झाली तर गाव.

आता पुन्हा आपल्या शिवाराकडे येऊ. जाळरेषा आखावयाची ती पौष-माघात, राखण करावयाची ती फाल्गुन-चैत्रात. ह्याच महिन्यांत डांगमधील व पलीकडच्या नंदुरबार-धुळ्याकडील हजारो धडधाकट माणसे बिऱ्हाडासह ऊसतोडीसाठी बारडोलीच्या आसपास पडाव टाकून राहिलेली असतात. मुकादमाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल फेडावयाची असते. रानाला ज्यांचे हात हवेत ते हात तेव्हा आपल्या उसात कोयता चालवीत असतात, आणि गावी उरतात म्हातारीकोतारी. त्यांना गावातच चार महिन्यांची, उसाइतकी खात्रीची रोजी रानाने दिली तर ती येथे येतील काय? माझ्या मते वणव्याच्या अर्थशास्त्रातील पहिला आकडा हाच असावा. विमानाचा आणि पंपाचा त्यानंतर.

तोवर एक अभ्यास आपल्या शाळेतील मुलांना करता येण्याजोगा आहे. येत्या हंगामात पडावावर आपल्या वयाची मुले भेटतील, क्वचित एखादे आजोबाही भेटतील. त्यांना नम्रपणे विचारावे, की आपल्या गावी रानाला पूर्वी आग लावीत ती कोणत्या महिन्यात, दव असताना की ऊन चढल्यावर, वरून खाली की खालून वर, आणि ती विझविण्यास कोणत्या झाडाची डहाळी वापरीत. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, गावाचे नाव घालून, वहीत उतरून घ्यावे. विज्ञानाच्या तासाला त्या वह्या आपण एकत्र वाचू.